गोमुख चार किलोमीटरवर राहिलं

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' आहे, हे तुम्हाला माहीत असेल. बसमधून जाताना कंडक्टरच्या तोंडून ते नाव शंभरदा ऐकलंही असेल. पण सिमला तर पुण्याहून दीड हजार किलोमीटरपेक्षाही लांब! मग त्याचं ऑफिस पुण्यात कसं?

मी हिमालयातल्या सहलींचा गाइड आहे. दर वर्षी सहलीच्या पहिल्या बैठकीत मी मुलांना हाच प्रश्न विचारतो. उत्तरं एकापेक्षा एक भारी येतात. "तिथं सिमल्याची तिकिटं मिळतात!" "तिथं फार थंडी असते!" एकदा एका चिमुरडीनं सांगितलं, "सिमला नावाच्या बाईंचं ऑफिस असेल." सगळे खो-खो हसले.

खरं उत्तर असं. आपल्या देशाच्या हवामान खात्याचं मुख्य कार्यालय पूर्वी सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्यात आलं, त्या दगडी, मनोऱ्याच्या देखण्या इमारतीत. माणसं आली, कागदपत्रं आली, उपकरणं आली आणि त्यांच्याबरोबर सिमल्याचं नावही आलं. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीला गेलं, पण नाव पुण्यातच राहिलं.

आणखी एक गंमत ऐका. या खात्याचे पहिले प्रमुख होते हेन्री ब्लॅनफर्ड. १८८० च्या दशकात त्यांच्या असं लक्षात आलं, की हिमालयात ज्या वर्षी बर्फ जास्त, त्या वर्षी बरेचदा आपल्याकडचा मोसमी पाऊस कमी. आज शास्त्रज्ञ अंदाज बांधताना समुद्राच्या तापमानापासून कितीतरी गोष्टी बघतात. पण विचार करा, तिकडच्या डोंगरावरचा बर्फ आणि इकडे पुण्यात आपण छत्री उघडायची की नाही, यांचा संबंध जोडणारा माणूस सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच होऊन गेला!

म्हणून मी मुलांना सांगतो, "हिमालय लांब आहे असं समजू नका. तो आपल्या नळापर्यंत आलेला नसला, तरी आपल्या पावसापर्यंत आलेला आहे."

आंब्याच्या दिवसांत स्वेटर

१९९८ पासून माझे उन्हाळे उत्तरेत जातात. पुण्यात लोक आंब्याच्या पेट्या उघडत असतात, तेव्हा मी स्वेटर, कानटोप्या आणि टॉर्चचे सेल मोजत असतो. घरचे म्हणतात, "तुला उन्हाळा म्हणजे काय ते ठाऊकच नाही!"

आज मी तुम्हाला २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट सांगणार आहे. आम्ही गोमुखला निघालो होतो. पंधरा मुलं-मुली आणि आम्ही तीन मोठी माणसं. एप्रिलमधले तीन रविवार सगळ्यांना सिंहगडावर पळवलं होतं. पाठीवर पिशवी घेऊन चढायचं, वर गेल्यावर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही, की उतरायचं. त्या दह्याच्या आशेनं मुलं भराभर चढायची!

त्यात एक मुलगा होता. आठवीची परीक्षा देऊन आलेला. त्याचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट लिहायला त्यानं परवानगी दिली ती त्याच अटीवर. आम्ही त्याला 'बाटलीवाला' म्हणायचो. कारण त्याच्याजवळ एक रिकामी, स्वच्छ धुतलेली बाटली होती. आजीनं दिलेली. "गोमुखाचं पाणी आण रे बाळा, मला काही आता जाणं होणार नाही," असं आजी म्हणाली होती. झेलम एक्स्प्रेसमध्ये बसल्यापासून ती बाटली त्याच्या उशाशी होती.

दिल्ली, हरिद्वार आणि मग उत्तरकाशी. उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. १९६५ मध्ये सुरू झालेली ही संस्था पाहून मुलांनी लगेच ठरवून टाकलं, की मोठेपणी सगळ्यांनी इथंच शिकायचं. तिथून शंभर किलोमीटरवर गंगोत्री. वाटेत हर्सिलजवळ धराली नावाचं गाव लागतं. एका बाजूला भागीरथी, एका बाजूला सफरचंदाच्या बागा, मध्ये हॉटेलं आणि घरं. तिथं आम्ही गरमागरम राजमा-चावल खाल्ला. इथला राजमा फार प्रसिद्ध आहे. पंधरा जणांनी मिळून हॉटेलवाल्या काकांचं पातेलं रिकामं केलं. हे गाव लक्षात ठेवा. त्याच्याबद्दल पुढे सांगायचंय.

चीडांची जागा, भोजांची जागा

गंगोत्री तीन हजार मीटरहून थोडी जास्त उंच आहे. आपलं पुणं साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आम्ही नुसते चहा पीत बसलो होतो! हवेची सवय व्हावी म्हणून तिथं एक दिवस थांबलो.

इथं हवेबद्दल एक गोष्ट समजून घ्या. उंचावर हवेतला ऑक्सिजनचा वाटा कमी होत नाही. हवाच विरळ होते. त्यामुळे एका श्वासात पुण्यात जितका ऑक्सिजन मिळतो, तितका वर मिळत नाही. समुद्रसपाटीशी तुलना केली, तर चार हजार मीटरवर तो साधारण साठ टक्केच मिळतो. शरीराला याची सवय होते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली की डोकं दुखतं, भूक जाते, मळमळतं. आणि याचा ताकदीशी काही संबंध नाही बरं का! कबड्डीतला पहिलवान आडवा होतो आणि काडीसारखी मुलगी टुणटुण चालत राहते.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. हे गंगोत्री राष्ट्रीय उद्यान. गोमुखाकडे दिवसाला दीडशे जणांनाच सोडतात. चौकीवर वनखात्याच्या माणसांनी आमचे परवाने तपासले आणि पिशव्यांमधलं प्लॅस्टिकही मोजलं. बिस्किटांचे पुडे इतके, बाटल्या इतक्या. जितकं नेलं तितकं परत आणायचं. बाटलीवाल्याची रिकामी बाटलीही यादीत लिहिली गेली. तो खूश! "काका, माझ्या बाटलीची सरकारदरबारी नोंद झाली!"

नऊ किलोमीटरवर चीरबासा. 'बासा' म्हणजे राहण्याची जागा. चीडाची झाडं राहतात ते चीरबासा, आणि आणखी पाच किलोमीटरवर भोजवृक्षांचं भोजबासा. ज्याच्या सालीवर पूर्वीच्या लोकांनी ग्रंथ लिहिले, तोच हा भोज. पण भोजबासाला पोचल्यावर मुलांनी विचारलं, "भोज कुठायत?" प्रश्न बरोबर होता. सरपणासाठी तोडून तोडून ती झाडं फार थोडी उरली होती. मग १९८१ मध्ये नंदादेवी शिखर सर करणाऱ्या गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी या भागात भोजाची हजारो रोपं लावून वाढवायचं काम हाती घेतलं. इतक्या थंडीत झाड बोटभर वाढायलाही किती वेळ घेतं! शिखर चढण्यापेक्षा हे काम चिकाटीचं.

चीरबासा ते भोजबासा हा रस्ता जरा जपून चालायचा. वरून दगड येतात. इथं मी मुलांना सांगतो, "पायाखाली बघा आणि अधूनमधून वरही बघा. वर भरल दिसले तर थांबा." भरल म्हणजे निळसर राखाडी रंगाचं, मेंढीसारखं दिसणारं जनावर. ते कड्यावर चरत असतात आणि त्यांच्या खुरांनी सुटलेला दगड खाली आपल्या डोक्यावर येऊ शकतो. त्या दिवशी मात्र भरल दिसले नाहीत. आकाशात एक दाढीवालं गिधाड तेवढं दिसलं. पंखांचा पसारा अडीच मीटरहून जास्त! हा पक्षी हाडं खातो. मोठं हाड असेल तर उंचावरून खडकावर टाकून फोडतो आणि मग तुकडे गिळतो.

माझी चूक

भोजबासाला पोचलो तेव्हा समोर भागीरथी शिखरं उन्हात सोन्यासारखी चमकत होती. गोमुख आता फक्त चार किलोमीटरवर. मुलं आनंदानं ओरडत होती.

रात्री जेवताना बाटलीवाल्यानं अर्धीच पोळी खाल्ली. ते मी पाहिलं. पण मी परवान्यांचे कागद लावत होतो. वाटलं, दमला असेल. मी फक्त "बरा आहेस ना?" असं विचारलं. तो म्हणाला, "हो काका." आणि मी पुन्हा कागदांत डोकं घातलं. इतकी वर्षं हे काम करून मी असं करायला नको होतं. "बरा आहेस ना?" या प्रश्नाला मुलं नेहमी "हो"च म्हणतात. विचारायला हवं होतं, "डोकं दुखतंय का? कधीपासून? किती?"

पहाटे चारला त्याच्या शेजारच्या मुलानं मला उठवलं. "काका, त्याला उलटी झालीय."

डोकं संध्याकाळपासूनच दुखत होतं. त्यानं सांगितलं नव्हतं. का? तर "तुम्ही मला पुढं नेलं नसतं म्हणून."

माझा एक नियम आहे. नुसतं डोकं दुखत असेल तर थांबायचं, वर चढायचं नाही. डोकेदुखीबरोबर उलटी असेल तर उजाडल्याबरोबर खाली. वाद नाही. उंचीच्या त्रासावरचं सगळ्यांत चांगलं औषध म्हणजे उतरणं.

तो रडायला लागला. "काका, चारच किलोमीटर राहिलंय! मी हळूहळू चालतो. मला घोड्यावर बसवा. बाबांनी इतके पैसे भरलेत. आजीला काय सांगू?"

आमच्याबरोबर उत्तरकाशीचा एक जुना सहकारी असतो. तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बेटा, पहाड कहीं भागता नहीं. फिर आना."

हे वाक्य आम्ही गाइड लोक नेहमी वापरतो. पण त्या पोराचं डोकं दुखत असलं तरी चालत होतं! हुंदके देत देत तो म्हणाला, "पण काका, तुम्हीच तर सांगितलं होतं, की गोमुख मागे मागे जातंय!"

मी गप्पच झालो.

मागे जाणारं गोमुख

त्याचं म्हणणं खरं होतं. गंगोत्री हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. म्हणजे शनिवारवाड्यापासून सिंहगडापर्यंत नुसता बर्फच बर्फ, असं डोळ्यांसमोर आणा. वर पडलेलं हिम वर्षानुवर्षं दाबलं जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो अगदी सावकाश, आपल्याला कळणारही नाही असा, उतारावरून सरकत येतो. ज्या टोकाशी तो वितळून नदी बाहेर पडते, ते गोमुख. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा वितळणारा बर्फ जास्त झाला, की हे टोक मागे सरकतं. हिमनदी उलटी चालत नाही. तिचं टोक झिजतं, पेन्सिलीसारखं.

भूशास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये या टोकाची जागा मोजून ठेवली होती. तेव्हापासून ते दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे. कधी वर्षाला जास्त, कधी कमी, सरासरी वीसेक मीटर. १९९८ मध्ये मी पहिल्यांदा आलो, तेव्हा ज्या बर्फाच्या कमानीसमोर उभा होतो, तिथं आता नुसते दगड-धोंडे आहेत. हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. डोळ्यांनी पाहिलंय.

तर मग त्या मुलाला काय सांगणार? पहाड पळत नाही हे खरं, पण बर्फ थांबत नाही हेही खरं. मी एवढंच म्हणालो, "बाळा, गोमुख थोडं मागे गेलं तरी तुला चालत जाता येईल. पण आज तुला काही झालं तर मला पुढं-मागं कुठंच जाता येणार नाही."

बाकीच्या चौदा जणांना घेऊन माझे दोघे सहकारी गोमुखकडे गेले. तेही तोंडाच्या फार जवळ जाणार नव्हते. तिथं बर्फाचे मोठमोठे तुकडे अचानक कोसळतात. मी आणि बाटलीवाला उलट्या दिशेनं निघालो. एका घोडेवाल्याला बरोबर घेतलं होतं.

एकवीस भरल

पहिला तासभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. उतरता उतरता त्याचा चेहरा मात्र सुधारत होता. चीरबासाजवळ आलो तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "काका, भूक लागलीय."

इतकं गोड वाक्य मी त्या वर्षी दुसरं ऐकलं नाही!

बसून चिक्की खात होतो, तेवढ्यात घोडेवाल्यानं हळूच बोट दाखवलं. समोरच्या उतारावर दगड होते. नीट पाहिलं, तर त्यातला एक दगड हलला. मग दुसरा. भरल! अंगाचा रंग खडकासारखा असा, की जनावर थांबलं की दगड होतं आणि चाललं की पुन्हा जनावर. एकेक करत त्यानं मोजले. एकवीस! त्यात गेल्या वर्षी जन्मलेली चार-पाच पिल्लंही होती. मोठ्या नरांची शिंगं बाहेरच्या बाजूला वळून मागे गेलेली, छातीवर काळा पट्टा. ते पाण्याकडे उतरत होते. जिथं मांजरालाही पाय ठेवायला भीती वाटेल, तिथून ते जिना उतरावा तसे आले. आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर!

मी कुजबुजत त्याला सांगितलं, "इंग्रजीत याला निळी मेंढी म्हणतात. पण ही धड मेंढी नाही आणि धड बकरीही नाही. १९७३ मध्ये जॉर्ज शालर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं नेपाळमध्ये भर थंडीत यांचं निरीक्षण केलं, तेव्हा त्यांच्या वागण्यावरून तो म्हणाला, हे बकरीच्या जास्त जवळचे. आणि जिथं भरल, तिथं त्यांना खाणारा हिमबिबट्याही. इथल्या कॅमेऱ्यांत त्याचे फोटो मिळालेत. पण मी पंचवीस वर्षांत एकदाही त्याला पाहिलं नाही."

"त्यानं तुम्हाला पाहिलं असेल," बाटलीवाला म्हणाला.

तासभर आम्ही तिथं बसून होतो. खडकाच्या फटीतून एक इवलासा प्राणी डोकावून गेला. उंदरासारखा दिसणारा, पण शेपूट नसलेला आणि सशांच्या कुळातला. त्याला पायका म्हणतात. दर वर्षी मुलांना पुढं पळवायच्या नादात चीरबासाला मी दहा मिनिटांवर कधी थांबत नसे. त्यामुळे इतकं सगळं मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

मग तो उठला आणि बाटली घेऊन माझ्याकडे आला. "काका, इथलं पाणी भरलं तर चालेल? पण हे गोमुखाचं कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, "हिशेब कर. गोमुख इथून नऊ किलोमीटर. पाणी ताशी सहा-सात किलोमीटर वेगानं येतंय असं धर. मग हे पाणी गोमुखातून कधी निघालं?"

त्यानं मनात भागाकार केला आणि त्याचे डोळे चमकले. "दीड तासापूर्वी! म्हणजे आपण उतरत होतो, तेव्हा हे आपल्याबरोबरच येत होतं!"

एका सपाट, सुरक्षित जागी मी त्याचा हात धरला आणि त्यानं बाटली भरली. पाणी ताकासारखं राखाडी. "घाण आहे?" त्यानं विचारलं. घाण नव्हे. हिमनदी खडकावरून सरकताना खालचा दगड जात्यासारखा दळते. त्याचं बारीक पीठ पाण्यात असतं.

घरी आल्यावर

गंगोत्रीला पोचल्यावर मी त्याच्या बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. पहिला प्रश्न आला, "म्हणजे त्यानं गोमुख पाहिलंच नाही?" आवाजात थोडी निराशा होती. मी म्हटलं, "नाही. पण तो आता दुसरी वाटी खिचडी खातोय." दोन क्षण शांतता. मग ते म्हणाले, "बरं केलंत." पालकांनो, ते दोन शब्द अजून माझ्या लक्षात आहेत. मुलानं त्रास लपवला तो डोंगराच्या भीतीनं नव्हे, तर 'बाबांनी इतके पैसे भरलेत' या विचारानं. निघताना मुलांच्या कानात एवढंच सांगा, की अर्ध्यातून परत आलास तरी आम्हाला आनंदच आहे.

पुण्यात आल्यावर बाटली आजीच्या देवघरात गेली. चार दिवसांनी पाणी निवळलं आणि तळाशी राखाडी, मऊ थर बसला. शाळा सुरू झाल्यावर त्यानं त्यातला थोडा गाळ वर्गात नेला. "हे हिमालयाचं पीठ," असं त्यानं विज्ञानाच्या बाईंना सांगितलं. बाकीच्या चौदा जणांनी गोमुख पाहिलं होतं, पण असं पीठ कोणाकडेच नव्हतं!

आता धरालीचं सांगतो. पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट २०२५ ला, त्या गावावरून खीरगंगा ओढा चिखल आणि दगड-धोंडे घेऊन कोसळला. काही क्षणांत घरं, हॉटेलं, बागा गाळाखाली गेल्या. माणसं गेली. आपल्या महाराष्ट्रातलेही कितीतरी यात्रेकरू त्या भागात अडकले होते. संध्याकाळी बाटलीवाल्याचा फोन आला. तो तेव्हा दहावीत होता. "काका, आपण राजमा खाल्ला ते हॉटेल...?" त्याला पुढं बोलता येईना. मलाही नाही.

पूर्वी कधीतरी त्याच ओढ्यानं आणून टाकलेल्या गाळावर ती वस्ती वाढली होती. डोंगराची माती अजून कच्ची आहे, उतार तीव्र आहेत, त्यात पाऊस आणि वितळणारा बर्फ. तिथं काय बांधायचं आणि कुठं, हे फार विचार करून ठरवायला हवं. तुमच्यापैकीच कुणी उद्या इंजिनिअर होईल, कुणी हवामानशास्त्रज्ञ होऊन कदाचित सिमला ऑफिसात बसेल. तेव्हा हे विसरू नका.

त्यानंतरच्या सहलीच्या बैठकीला बाटलीवाला आपणहून आला. मी सिमला ऑफिसचा प्रश्न विचारला, हशा पिकला. मग तो उभा राहिला आणि नव्या मुलांना म्हणाला, "वर गेल्यावर डोकं दुखलं तर लगेच काकांना सांगायचं. मी सांगितलं नव्हतं."

तुम्हीही हिमालयात जाल, तेव्हा एवढं करा. हळू चाला, भरपूर पाणी प्या, नेलेलं प्लॅस्टिक परत आणा, आणि दुखलं तर सांगा. आणि हो, एखादे दिवशी कुठंही पोचायचं नाही असं ठरवून तासभर एका दगडावर नुसते बसा. समोरचे दगड चालायला लागतील!